समस्या कथन, धार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

लग्नाची मुलगी असलेल्या घरात स्थळांचे किस्से साठतात आणि पीएचडीच्या गाईडकडे विषयांचे. जमवायला कुणी जात नाही. चहाला बसलं की एक निघतो, त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि मग दुबेजी म्हणतात, "मॅडम, वो टोंकखुर्द वाला सुनाइए!" आणि ऐकलेलाच किस्सा सगळे पुन्हा ऐकतात. हसतातही. मला मात्र हल्ली हसू येत नाही.

मी देवासच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. गेल्या उन्हाळ्यात रिटायर झाले. घरात मराठी, वर्गात हिंदी आणि भाजीवाल्याशी माळवी, असं आमचं इथल्या मराठी माणसांचं चालतं. दुबेजी माझे सहकारी, तेही गाईड. माणूस दिलदार, पण संशोधनाचं नाव काढलं की मला त्यांची भीती वाटते.

आता हे समस्या कथन म्हणजे काय, ते आधी सांगते. पीएचडीला नाव घालायचं तर अर्ध्या-पाऊण पानात लिहून द्यावं लागतं, की बुवा एवढं आपल्याला ठाऊक आहे, एवढं ठाऊक नाही, ते ठाऊक नसल्यामुळे अमक्यांचं अडतंय, आणि मी नेमकं हे शोधणार आहे. बस! विद्यापीठाच्या समितीनं ते मंजूर केलं की पंजीयन होतं, म्हणजे आपलं रजिस्ट्रेशन. ऐकायला किती सोपं! पण आमच्याकडे लोक जाडजूड प्रबंध लिहून मोकळे होतात आणि हे अर्धं पान काही त्यांना लिहिता येत नाही. मी उभी नोकरी ते अर्धं पान शिकवण्यात घालवली आणि खरं सांगते, हरले.

माझी शेवटची विद्यार्थिनी रोहिणी शितोळे. धारची. वाडवडील कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, तंबू शिवायचे म्हणे. आता वडिलांचं धारला टेलरिंगचं दुकान आहे. रोहिणी कुक्षीच्या कॉलेजात 'अतिथी विद्वान' होती. पदाचं नाव भारदस्त, पण अर्थ एवढाच की पक्की नोकरी नाही आणि पीएचडीवाला कुणी आला की पाहुण्यानं उठायचं. त्यामुळे तिला पीएचडी हवीच होती. आणि नियम असा की रिटायर झालेल्या गाईडकडे नवीन पंजीयन होत नाही. बाकीच्या गाईडांच्या जागा भरलेल्या. म्हणजे मी जाण्याच्या आत तिचं समस्या कथन मंजूर झालं तर झालं, नाहीतर पीएचडी गेली आणि तिच्यामागून कुक्षीची नोकरीही.

एवढं लक्षात ठेवा आणि आता किस्से ऐका.

*

टोंकखुर्दचा राकेश. घरी सोयाबीन, स्वतः शाळेत मास्तर, डोळ्यांत प्रामाणिकपणा मावत नव्हता. पहिल्याच दिवशी विषय घेऊन आला, 'भारतीय ग्रामीण समाज की समस्याएँ'.

मी विचारलं, "कौन सी समस्या?"

"सभी, मॅडम!"

मी त्याला समजावलं. बाबा रे, समस्या कथनात एकच प्रश्न असतो. तोही असा, की ज्याचं उत्तर तुला आज माहीत नाही आणि शोधलं तर सापडेल. लहान कर. तो मान डोलवत गेला आणि पुढच्या आठवड्यात आला. विषय होता 'भारतीय ग्रामीण समाज की समस्याएँ, देवास जिले के विशेष संदर्भ में'.

मी म्हटलं, आणखी लहान. तर जिल्हा जाऊन तहसील आली. आणखी लहान म्हटलं, तर तहसील जाऊन त्याचं गाव आलं. समस्या सगळ्या तशाच! भारतातल्या एकूण एक समस्या आता बिचाऱ्या एका गावात येऊन बसल्या होत्या.

मी शेवटी ओरडले, "अरे, गाव नको लहान करूस, समस्या लहान कर!"

तो रडवेला झाला. "मॅडम, अब इससे छोटा तो मेरा घर ही बचा है!"

दुबेजींना त्याची दया आली. त्यांनी त्याला आपल्याकडे घेतलं, जिल्हा परत टाकला, आणि सगळ्या समस्यांसकट विषय मंजूर करून आणला. राकेश आता डॉक्टर राकेश आहे. दिवाळीला अजून नमस्कार करायला येतो, आणि मलाच अपराध्यासारखं होतं.

*

हे 'विशेष संदर्भ' प्रकरण बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे कुठल्याही विषयाच्या शेवटी कंसात जिल्हा लागतो. 'महिला सशक्तीकरण', कंसात धार जिले के विशेष संदर्भ में. 'वृद्धों की स्थिति', कंसात देवास जिले के विशेष संदर्भ में. जिल्हा बदलला की विषय नवा! देवीला साडी बदलावी तसं चालतं.

स्टेशन रोडवर एक कॉम्प्युटरवाला आहे. शहाणा माणूस. त्याच्याकडे तयार समस्या कथनं असतात. एकदा एका मुलाला घाई होती. विषय धारचा तयार होता, ह्याला हवा होता देवासचा. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "भिया, टेंशन मत लो, एक बटन का काम है." आणि त्यानं सगळ्या मजकुरात 'धार' काढून 'देवास' घातलं. सगळ्या म्हणजे सगळ्या!

'समाज-सुधार'चं झालं 'समाज-सुदेवास'. 'विचारधारा'चं 'विचारदेवासा'. आणि पहिलंच वाक्य होतं, 'प्रस्तुत अध्ययन का सैद्धांतिक आदेवास...'

समितीत मीही होते. अध्यक्ष महोदय त्या शब्दाशी थांबले. मला वाटलं, चला, आज तरी कुणीतरी वाचतंय! त्यांनी चष्मा सारखा केला आणि मुलाला विचारलं, "ये आदेवास क्या है?"

मुलानंही ते तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं असावं. पण डगमगला नाही. "सर, नया कॉन्सेप्ट है."

"अच्छा है," अध्यक्ष म्हणाले, "इसको थोड़ा विस्तार दीजिए."

मंजूर! मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोसे आले. बाहेर पडताना मी दुबेजींना म्हटलं, "अहो, तुम्हाला तरी कळलं का?" तर म्हणाले, "मॅडम, बच्चे का साल बच गया, और क्या चाहिए?" त्यांचंही अगदीच चूक होतं असं मला म्हणता येईना.

*

पीथमपूरच्या एका कारखान्यातले एक अधिकारी आले होते. कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्र. त्यांचं समस्या कथन टाइप करून, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून तयार! 'औद्योगिक श्रमिकों में समय-अनुशासन का अभाव.'

मी म्हटलं, "अभाव आहे हे तुम्ही आधीच ठरवलंत. मग शोधणार काय?"

"मॅडम, अभाव तो है ही. रोज़ लेट आते हैं. मैं खुद लेट मार्क लगाता हूँ!"

"का उशीर होतो?"

"अनुशासन नहीं है ना!"

"येतात कशानं?"

"कंपनी की बस से."

बस कुणाची, कंपनीची. बसमध्ये बसलेला माणूस बसच्या आधी कसा पोचणार? मी हळूच विचारलं, "बस वेळेवर येते?"

साहेब पहिल्यांदाच खुर्चीत हलले. म्हणाले की शिफ्टची बस कधीकधी जरा लेट होते. कधीकधी म्हणजे? म्हणजे बहुतेक रोजच.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! असा क्षण फार क्वचित येतो. आपण समजत होतो ती समस्या नव्हतीच, खरी भलतीच निघाली. समस्या कथन लिहायचं म्हणजे हेच तर करायचं असतं! मी त्यांना म्हटलं, "साहेब, हाच तुमचा विषय. बसचं वेळापत्रक आणि लेट मार्क. कुणी केलेला नाही, तुम्हाला माहिती मिळेल, आणि माणसांचं भलं होईल."

त्यांनी मान डोलावली. मग फोल्डर छातीशी धरून म्हणाले, "विषय तो बढ़िया है मॅडम, लेकिन बस का ठेका बड़े साहब के साले का है."

श्रमिकांच्या बेशिस्तीवरचा तो प्रबंध त्यांनी दुसरीकडून पुरा केला.

*

दुबेजींनी आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एक वाक्य पाठ करून ठेवलंय, 'इस विषय पर आज तक कोई शोध-कार्य नहीं हुआ है.' समस्या कथनाच्या शेवटी हे टाकायचंच. त्यांच्या मते ह्याला रिसर्च गॅप म्हणतात. मी किती वेळा सांगितलं, की दुबेजी, गॅप दाखवायचा तर आधी झालेलं वाचावं लागतं. कुणी कुठपर्यंत आलं, कुठे थांबलं, हे सांगितल्यावर मग आपली जागा दिसते. तर म्हणाले, "मॅडम, पढ़ लेंगे तो गॅप कहाँ बचेगा?"

तर त्यांच्या एका विद्यार्थिनीची मौखिक परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, सज्जन. ते वाक्य वाचून हसले आणि म्हणाले, "बेटी, इसी विषय पर मेरी अपनी पीएचडी है. तुम्हारी ग्रंथ-सूची में मेरी किताब का नाम भी है. फिर ये कैसे लिखा कि आज तक काम नहीं हुआ?"

आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. दुबेजी छताकडे पाहत होते. मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, वो तो आपने किया है. मैंने कहाँ किया था!"

त्या गृहस्थांनी सही केली. करतात काय? जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आप लोग इतने दिन यहाँ कैसे टिके रहते हैं?"

*

आता रोहिणीकडे येते. ही मुलगी वेगळी होती. ती विषय घेऊन आलीच नाही, तक्रार घेऊन आली.

"मॅडम, मी तर परेशान होऊन गेली. माझ्या ज्या मुली पास होतात ना, त्याच नाही येत!"

तिच्या बोलण्यात निम्मी हिंदी असते, मराठी वाचताना तर अडखळतेच. हिंदी शाळेत शिकलेली आमच्याकडची सगळीच मुलं अशी. पण डोकं साफ. मी म्हटलं, नीट सांग. तर म्हणाली, प्रत्यक्षच या.

म्हणून मी एकदा कुक्षीला गेले. बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, चांदीचे जोड, जीपच्या टपापर्यंत माणसं. रोहिणी मधेच थांबली. एका बाईशेजारी तूर मांडून एक मुलगी बसली होती. रोहिणीनं तिला नावानं हाक मारली. मुलीनं पटकन ओढणी तोंडावर ओढली.

रोहिणी तिच्यासमोर उकिडवी बसली. रागावली नाही. नुसतं विचारलं, "कॉलेज क्यों नहीं आ रही?"

मुलगी ओढणीआडून म्हणाली, "मॅडम, मैं तो पास हो गई थी."

एवढंच. जणू काही आम्ही तिच्यावर नापास झाल्याचा आळ घ्यायला आलो होतो. तिची आई तूर मोजत राहिली. आम्ही दोघी तिथून निघालो आणि परतीची जीप शोधू लागलो.

त्यावरून रोहिणीनं अर्धं पान लिहिलं, हिंदीत. मराठीत सांगायचं तर असं. मुली नापास होतात म्हणून कॉलेज सोडतात, असं सगळे धरून चालतात. पण पास झालेल्याही परत येत नाहीत. गरिबी म्हणावी, तर त्याच पाड्यातली तितकीच गरीब दुसरी मुलगी येते. लग्न म्हणावं, तर लग्न झालेल्याही काही येतात. मग पास होऊनही कोण येत नाही, आणि हे घरात कोण, केव्हा आणि कशावरून ठरवतं? हे ठाऊक नाही. आणि ठाऊक नसल्यामुळे कॉलेज दरवर्षी नापासांसाठी जादा तास घेतं आणि पास झालेल्या मुली मात्र हरवतात.

मी ते वाचलं आणि चक्क रडले. आयुष्यभर जे शिकवायला गेले, ते कुणीतरी लिहून आणलं होतं! एक शब्द बदलावासा वाटला नाही. आता हे अडणार कुठे, असं मला वाटलं. वयाच्या त्या टप्प्यावरही माणूस किती भाबडा असतो पाहा.

*

पहिली समिती. अध्यक्ष म्हणाले, "क्षेत्र बहुत छोटा है. सिर्फ़ कुक्षी? पूरा मालवा-निमाड़ लीजिए. और सिर्फ़ पास लड़कियाँ क्यों? सभी लीजिए. लड़के भी लीजिए."

मी भांडले. म्हटलं, सगळे घेतले तर प्रश्नच नाहीसा होईल. "मॅडम, बढ़ाने में क्या नुकसान है?" पोळीवर तूप वाढावं तसं म्हणाले! रोहिणीनं वाढवलं. मला दाखवताना तिनं पान उलटं धरलं होतं, लाज वाटत होती तिला.

दुसरी समिती. "ये तो बहुत बड़ा हो गया! एक शोधार्थी इतना कैसे करेगा? छोटा कीजिए."

म्हणून तिसऱ्या खेपेला आम्ही पहिलंच पान पुन्हा दिलं, एक काना-मात्रा न बदलता. अध्यक्ष खूश झाले. "हाँ, अब जाकर बात बनी!" मी रोहिणीकडे पाहिलं, तिनं डोळे मिटून घेतले होते. तेवढ्यात विद्यापीठाचे विषयतज्ज्ञ, आतापर्यंत झोपेत असलेले, जागे होऊन म्हणाले, "लेकिन ये तो वही है जो हमने पहले रिजेक्ट किया था!"

अध्यक्षांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. खरंच की! "फिर तो इसे पास नहीं कर सकते," ते हळहळून म्हणाले. "एक बार जो रिजेक्ट हो गया, हो गया."

मग म्हणाले की शीर्षक तरी बदला, उद्देश वाढवा, आणि निष्कर्षांचा एक परिच्छेद जोडून पुढच्या बैठकीला आणा. पुढची बैठक मी रिटायर होण्याच्या महिन्यात होती. म्हणजे शेवटची.

बसस्टँडवर रोहिणी म्हणाली, "मॅडम, सोडून देऊ का?" मी तिच्यावर ओरडले. भर बसस्टँडवर, लोक बघत होते. धारच्या बसमध्ये बसताना तिनं माझ्या पायांना हात लावला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

त्या दिवसांत एकदा तिच्या आईचा फोन आला. जुन्या वळणाची बाई, बोलणं अजून तसंच शुद्ध.

"बाई, तुम्हांस विचारल्यावाचून एक गोष्ट केली. रागे भरू नका."

"काय झालं?"

"रोहिणीच्या त्या कागदाची झेरॉक्स घेऊन देवासला टेकडीवर गेले होते. म्हटलं, देवीच्या पायांशी ठेवावा. तुमची समिती काही ऐकत नाही, निदान माउली तरी ऐकेल."

मी म्हटलं, "बरं केलंत."

"ठेवला हो. पण तिथं एक पुजारी होते, तरुणच. त्यांनी उचलून वाचला."

"मग?"

"ते म्हणाले, हमने भी एम.ए. किया है, अम्मा. इसमें आखिरी में 'एक अध्ययन' जोड़ दो, और उद्देश्य कम से कम पाँच तो होने ही चाहिए!"

पलीकडून ती माउली काळजीनं विचारत होती, "बाई, मग ते जोडायचं का? देवीच्या दारी सांगितलंय म्हणून विचारते."

आम्ही जोडलं. हो, जोडलं! 'एक अध्ययन' जोडलं, उद्देश पाच केले, कंसात धार जिल्हा घातला. जे जे आयुष्यभर मुलांच्या कागदावरून लाल शाईनं खोडलं, ते ते मी स्वतः रोहिणीच्या पानावर लिहिलं. फक्त मधला तो प्रश्न आम्ही हलू दिला नाही. आणि निष्कर्षांचा परिच्छेद तेवढा रोहिणीनं लिहिला नाही. मी म्हटलं, "लिही काहीतरी, सगळेच लिहितात." तर म्हणाली, "मॅडम, मला माहीतच नाही तर कसं लिहू? मग मी त्या मुलींना विचारायला कशाला जाऊ?" शिकवलं मीच होतं.

*

शेवटची बैठक. उन्हाळा, कूलर घरघरतोय, अध्यक्ष त्या दिवशी खरोखर प्रसन्न होते. माझ्यासाठी हारही आणून ठेवला होता. उमेदवार भराभर येत होते आणि मंजूर होऊन जात होते. एकानं वाचलं, 'मोबाइल के दुष्परिणाम सिद्ध होंगे.' मंजूर. एकीनं वाचलं, 'योजनाओं से लाभ हुआ पाया जाएगा.' मंजूर, वर शाबासकी.

रोहिणी आली. पान वाचलं. आवाज कापत होता, पण त्या प्रश्नाशी आल्यावर स्थिर झाला. वाचून झालं. दुबेजीसुद्धा हळूच म्हणाले, "अच्छा लिखा है." मला वाटलं, झालं! माझी नोकरी सार्थकी लागली.

अध्यक्षांनी मान डोलावली. "बहुत बढ़िया, बेटा. भाषा भी अच्छी, समस्या भी अच्छी. बस, निष्कर्ष नहीं दिख रहा. लड़कियाँ क्यों नहीं आतीं?"

"सर, अभी मालूम नहीं."

"मालूम नहीं?" त्यांनी चष्मा काढला. खरंच चक्रावले होते. "समस्या तुम्हारी है और तुम्हें ही मालूम नहीं?"

"जी सर. यही तो पता करना है."

विषयतज्ज्ञ म्हणाले, "बाकी सब बच्चों को तो मालूम है!"

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, उत्तर पहले से मालूम हो तो शोध किस बात का? इतने साल से यही कह रही हूँ. ये एक लड़की है जो नहीं जानती, और जानना चाहती है. इसे जाने दीजिए. मेरे लिए ये आखिरी बार है." माझा आवाज चढला होता, हार टेबलावरून घसरून खाली पडला, तो दुबेजींनी उचलला.

"मॅडम, बैठिए, बैठिए," अध्यक्ष मायेनं म्हणाले. "हम मना कहाँ कर रहे हैं?" मग रोहिणीकडे वळले. हे सगळं ते मनापासून बोलत होते, खोटं नाही सांगत. बापानं मुलीला सांगावं तसं. "बेटा, विषय छोड़ना मत. तुम ऐसा करो, पहले कुक्षी जाओ. गाँव-गाँव घूमो, एक-एक लड़की से मिलो, घरवालों से पूछो, आराम से समय लो. जब पक्का पता चल जाए कि क्यों नहीं आतीं, तब लिखकर ले आना. उसी दिन पंजीयन कर देंगे!"

रोहिणीनं हातातल्या पानाची घडी घातली. मग तिनं विचारलं, अगदी खरं विचारलं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, "सर, फिर पंजीयन के बाद मैं क्या करूँगी?"

अध्यक्ष हसले. असा कसा प्रश्न विचारते ही मुलगी!

"शोध करना, बेटा. और क्या!"